'चिल्ड्रन': मामाच्या जीपमधली कॅसेट आहे तशीच उतरवून घ्यायची आहे, कशी घेऊ?

वाशिष्ठीकाठ
रविवार, रात्री १०.१५

मंडळी, प्रश्न कॅसेटचा आहे. पण ती कुठली कॅसेट ते आधी सांगते, म्हणजे मी एवढी का अडून बसले आहे ते कळेल.

१९९८ ते २००० मी अकरावी-बारावीला कराडला होते, घर चिपळूणला. मोठा मामा तेव्हा वडाप, म्हणजे सीट भरून नेणारी जीप, चालवायचा. कराड, पाटण, कोयनानगर, चिपळूण. गाडी महिंद्राची कमांडर. शनिवारी कॉलेज सुटलं की मी एस.टी. स्टँडच्या बाहेर जाऊन उभी राहायची आणि मामा मला पुढे, गियरच्या बाजूला बसवायचा. भाचीचा मान तेवढाच. मांडीवर कुणाचं तरी पोर नाहीतर भाजीची पिशवी ठरलेली.

पाटणपर्यंत गाडीत कुणीही कसलीही गाणी लावा, मामाची हरकत नसायची. हेळवाकला मात्र तो गाडी बाजूला घ्यायचा, ब्रेक बघायचा, काच पुसायचा आणि खणातून एकच कॅसेट काढून टेपात घालायचा. कुंभार्ली घाट उतरताना दुसरं काही नाही. त्या कॅसेटमध्ये सगळ्या हिंदी गाण्यांच्या नुसत्या धुना होत्या, गिटार आणि सॅक्सोफोनवर वाजवलेल्या. मी एकदा विचारलं, मामा, शब्दवाली का नाही लावत? तो म्हणाला, "बोल असलं की माणूस गाण्यात शिरतं. मला रस्त्यात ऱ्हायाचं असतं."

ती कॅसेट त्याने स्टँडजवळच्या रेकॉर्डिंगच्या दुकानातून भरून घेतली होती. ए साइडला आठ धुना भरल्यावर पाचेक मिनिटं उरली, तेव्हा दुकानातल्या पोराने आपल्या मनाने काहीतरी टाकलं. कव्हरवर बॉलपेनने आठ नावं आहेत आणि नवव्या ओळीत फक्त 'इंग्लिश'. तेच हे वर मथळ्यात लिहिलेलं गाणं. आधी नुसती धुक्यासारखी पसरत जाणारी सुरावट, मग त्यातून पियानो, एकेक सूर लांबवर घुमत जाणारा, आणि मग खालून ठेका. पियानो दुसऱ्यांदा भरात येतो न येतो तोच साइड संपायची. खटक. मामा म्हणायचा, "आली पोफळी." त्याचा हिशेबच तसा होता, घाट उतरायला अर्धा तास आणि साइडही अर्ध्या तासाची. पोफळीला सगळे उतरून चहा प्यायचे.

गाडीतले लोक त्याला 'घाटाचं गाणं' म्हणायचे. तेल्हारीण आजी म्हणून एक बाई दर शनिवारी असायच्या, त्या पियानो सुरू झाला की पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही.

१९९९ च्या श्रावणात घाटात धुकं इतकं होतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच टेपाने कॅसेट ओढली. मामाने वळणाच्या अलीकडे गाडी उभी केली, टेपातून ती तपकिरी फीत हळूहळू सोडवून माझ्या हातात दिली. मी पेन घालून गुंडाळली. तेव्हापासून त्या जागी पियानो क्षणभर खाली बुडतो आणि परत वर येतो, पाळण्याने झोका घेतल्यासारखा. त्या जागेवर आलं की मामा डावा हात टेपावर ठेवायचा. हलकेच, जनावराला थोपटतात तसा.

गाण्याचं नाव मला २०१३ साली कळलं. मुलीच्या गॅदरिंगच्या तालमीला साउंडवाल्याने स्पीकर तपासायला हेच लावलं. मी हॉलच्या दारात चपला काढत होते, तशीच एका पायात चप्पल घेऊन आत गेले आणि त्याला विचारलं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला: रॉबर्ट माइल्स, चिल्ड्रन. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. तोवर माझ्या लेखी ते गाणं पोफळीलाच संपत होतं.

आमच्या घरातल्या सगळ्या कॅसेट २०२१ च्या जुलैच्या पुरात गेल्या. माळ्यावर होत्या, तरी गेल्या. ही मामाकडे होती म्हणून राहिली. मामा आता ७४ वर्षांचा आहे, गाडी सुटून दहा वर्षं झाली, डोळ्यांनी कमी दिसतं. दिवाळीला म्हणाला, घाटाचं गाणं ऐकायचंय गं. मी मोबाइलवर लावलं. थोडा वेळ ऐकून म्हणाला, "ह्ये नव्हं."

म्हणून मी कॅसेट एका शहरातल्या दुकानात दिली, डिजिटल करायला. त्यांनी पेन ड्राइव्ह दिला, पैसे घेतले. घरी येऊन ऐकलं तर झोका नाही, खरखर नाही, आणि गाणं चार मिनिटांत रीतसर संपतंय. त्यांनी कॅसेट वाजवलीच नव्हती, इंटरनेटवरून गाणं उतरवून भरलं होतं. वर कॅसेटच्या आतली ती फेल्टची बारीक गादीही निघून आली आहे.

तर विचारायचं आहे ते हे: फीत न तुटता ही कॅसेट मला घरी उतरवून घेता येईल का? झोक्यासकट हवी आहे. आणि हे गाणं तुमच्यापैकी आणखी कुणाच्या आयुष्यात आहे का, असेल तर जरूर लिहा.

---

स्पूल_आणि_स्क्रू
सोमवार, सकाळी ७.५०

ताई, येईल. घाबरू नका, पण घाईही करू नका. तीस वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त करतोय म्हणून सांगतो.

आधी कॅसेट बघा. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच स्क्रू असतील तर नशीब चांगलं आहे. एक नवी कोरी किंवा नको असलेली, स्क्रूचीच कॅसेट घ्या. दोन्ही सपाट टेबलावर उघडा, तुमची फीत दोन्ही चकत्यांसकट उचलून नव्या केसमध्ये बसवा. नव्या केसमध्ये गादी धड असते, प्रश्न मिटला. ती गादी फीत हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. ती नसेल तर आवाज येतो-जातो आणि उंच सूर मरतात. बोटांना तेल, क्रीम काही नको. चकत्यांच्या वर-खाली जे पातळ कागद असतात ते विसरू नका, आणि फीत कोणत्या खुंटीच्या कोणत्या बाजूने गेली आहे त्याचा उघडल्या उघडल्या फोटो काढून ठेवा.

स्क्रू नसतील, केस चिकटवलेली असेल, तर मात्र स्वतः उघडू नका.

दुसरं, गाडीतल्या टेपावर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त डबीवर वाजवायची नाही. घरगुती चांगला डेक मिळवा. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वाजवण्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे नेऊन घ्या, इतकी वर्षं एकाच जागी बसून ती स्वतःला चिकटलेली असते. मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू कानाने जुळवायचा: किंचित फिरवत राहा, ज्या जागी आवाज सगळ्यात मोकळा होईल तिथे थांबा. दुकानातलं हेड आणि तुमच्या डेकचं हेड यांचा कोन एक नसतो.

साइड अर्ध्या तासाची म्हणजे सी-६०, साठ मिनिटांची कॅसेट. हे चांगलं झालं, सी-९० ची फीत याहून पातळ असते, ती ओढली गेली की सहसा कामातून जाते.

आणि तुमचा झोका. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. झोका दीड सेकंदाचा असेल तर साधारण सात सेंटीमीटर फीत चुरगळलेली आहे. केस उघडल्यावर ती जागा नुसत्या डोळ्यांनी दिसेल, पन्हळी पत्र्यासारखी वळलेली. ती सरळ करायला जाऊ नका. नखाने तर मुळीच नाही.

संगणकावर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये घ्या, वॅव्ह फाइलमध्येच. खरखर काढायचं बटण त्यात असतं, ते मूळ फाइलवर दाबायचं नाही.

---

कोरी_टेप
सोमवार, दुपारी १.२०

सांगलीत आमच्या भावाचं असंच दुकान होतं, मी सुट्टीत बसायचो. साइडला मिनिटं उरली तर रिकामी सोडायची नाही हा नियम. गिऱ्हाईक परत येऊन म्हणायचं, कोरी टेप दिलीत. मग आम्ही पोरं तिथे आपल्या आवडीचं टाकायचो. दिवसभर लोकांनी सांगितलेली गाणी भरायची, आपली आवड तेवढ्या चार-पाच मिनिटांतच जायची. कुणी येऊन "शेवटचं ते काय होतं हो?" असं विचारलं की त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

तुमच्या कराडच्या त्या पोरापर्यंत हे पोचायला हवं होतं.

---

उदिनेकर
सोमवार, रात्री ११.०५

वाशिष्ठीकाठ, तुमचं लिखाण वाचून ऑफिसातच रडू आलं, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी २००६ पासून इटलीत, उदिनेला राहते. हे गाणं करणारा माणूस याच भागातला. खरं नाव रोबेर्तो कोंचिना. जन्म १९६९ चा, स्वित्झर्लंडमधला, आईवडील इटालियन, आणि वाढला फागान्या नावाच्या गावात. ते इथून गाडीने वीसेक मिनिटांवर आहे. डोंगर उत्तरेला दिसतात, पावसाळी दिवसांत धुकं खाली उतरतं.

गाण्याच्या जन्माच्या दोन गोष्टी आहेत, दोन्ही त्याने स्वतः सांगितलेल्या. एक म्हणजे त्याचे वडील मदतकार्यासाठी युगोस्लाव्हियात गेले होते, तिथून त्यांनी युद्धात होरपळलेल्या मुलांचे फोटो आणले. 'चिल्ड्रन' हे नाव त्यावरून.

दुसरी तुमच्या मामांची आहे.

नव्वदच्या दशकात इथे शनिवारी रात्री तरुण पोरं दूरदूरच्या डिस्कोत जायची, पहाटेपर्यंत कानठळ्या बसवणाऱ्या वेगवान संगीतावर नाचायची आणि त्याच तारेत गाडी हाणत परत निघायची. इतकी मुलं रस्त्यांवर मेली की त्याला नावच पडलं, 'स्त्राजे देल साबातो सेरा', म्हणजे शनिवारच्या रात्रीचा संहार. डिस्को लवकर बंद करा म्हणून आईबाप मागणी करत होते. रोबेर्तो तेव्हा डीजे होता. रात्रीच्या शेवटी असं काहीतरी लावावं की पोरांची छाती शांत होईल आणि मग ती स्टिअरिंगवर बसतील, या विचारातून त्याने हे केलं. १९९५ च्या सुरुवातीला ते इटलीत निघालं, पुढच्या वर्षी युरोपातल्या कितीतरी देशांत पहिल्या क्रमांकावर होतं, इंग्लंडमध्ये दुसऱ्या. लोक त्याला 'ड्रीम हाउस' म्हणायला लागले.

म्हणजे गाडी चालवणाऱ्याचं मन ठिकाणावर राहावं म्हणून केलेलं गाणं कराडच्या कुठल्याशा दुकानातून तुमच्या मामांच्या हाती आलं, आणि त्यांनी ते नेमकं त्याच कामाला लावलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचा व्हिडिओही तेव्हा चॅनेलवर लागायचा, काळा-पांढरा: गाडीत बसलेली एक लहान मुलगी आणि बाहेर सरकत जाणारे रस्ते. तुम्ही गियरच्या बाजूला बसलेल्या वाचलं आणि तोच डोळ्यांपुढे आला.

रोबेर्तो ९ मे २०१७ ला इबिझात कॅन्सरने गेला. वय अवघं ४७.

---

पेटीमास्तर
मंगळवार, सकाळी ९.३०

गाणं काल रात्री पेटीवर लावून पाहिलं. एफ मायनर आहे, म्हणजे पांढरी चारचा सा आणि गंधार, धैवत, निषाद कोमल. आसावरी थाटाचे सूर. राग नाही, राग म्हणू नये, पण आपल्या कानाला ते परकं का वाटत नाही याचं थोडं उत्तर त्यात आहे. जीपमधल्या त्या आजींनी डोळे मिटावेत, मला त्यात नवल वाटत नाही.

आणखी एक धागा. याच रॉबर्ट माइल्सने पुढे त्रिलोक गुर्टूंबरोबर अख्खा अल्बम केला, 'माइल्स_गुर्टू', २००४ साली. त्रिलोकजी मुंबईचे, तबला आणि तालवाद्यांतले जगभर मान असलेले, आणि शोभाताई गुर्टूंचे चिरंजीव. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, ठुमरी त्यांच्या गळ्यातून ज्यांनी समोर बसून ऐकली ते आजही तेवढ्यावर तासभर बोलतात. २००४ मध्येच त्या गेल्या. त्या अल्बममध्ये 'चिल्ड्रन'सारखं काही शोधू नका, वाट वेगळी आहे. पण ऐका.

---

ठाणे_पश्चिम
मंगळवार, दुपारी ४.४५

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मूळ ट्रॅक साडेसात मिनिटांचा आहे. चांगल्या हेडफोनवर पूर्ण ऐका, पियानोमागे किती थर आहेत ते कळेल. कॅसेटमध्ये त्यातलं निम्मं पोचलेलंच नसतं. चुरगळलेली फीत हा शेवटी दोष आहे. दोष जपण्यापेक्षा मामांना चांगल्या स्पीकरवर खरं गाणं ऐकवा, दोन-तीनदा ऐकलं की सवय होईल.

---

वाशिष्ठीकाठ
मंगळवार, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. उदिनेकर ताई, तुमचं वाचून मी मोबाइल उलटा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. यावर नीट लिहीन, आत्ता शब्द नाहीत.

ठाणे_पश्चिम, राग नाही. पूर्ण ट्रॅक मी पुष्कळदा ऐकलाय आणि तो सुंदर आहे. पण मला गाणं ऐकवायचं नाहीये हो. मामाने "ह्ये नव्हं" म्हटलं ते गाण्याला नव्हे. त्याला घाट ऐकायचा आहे, आणि त्याचा घाट त्या सात सेंटीमीटरमध्ये आहे.

स्पूलदादा, पाच स्क्रू आहेत. माझ्या नणंदेकडे जुना डेक आहे, बेल्ट बदलून घेते.

---

स्पूल_आणि_स्क्रू
मंगळवार, रात्री ९.४०

पाचही वेगळ्या वाटीत ठेवा. मधला कधीकधी आखूड असतो, तो कोपऱ्यात बसवला तर केस आवळत नाही.

---

वाशिष्ठीकाठ
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११.३०

झालं.

केस उघडली तेव्हा घरातले पंखे बंद करून घेतले होते. ती जागा लगेच दिसली, स्पूलदादा. बारीक बारीक आडव्या घड्या, आणि एका काठाला निळसर ठिपका. आधी बुरशी वाटली. मग लक्षात आलं, शाई आहे, माझ्या पेनाची. सव्वीस वर्षं ती तिथेच होती, दर वेळी हेडवरून जात होती. मी तिला हात लावला नाही.

डेकवर पहिल्यांदा आवाज गोधडीखालून आल्यासारखा आला. हेडचा तो स्क्रू मिलिमीटरभर फिरवला आणि सॅक्सोफोन एकदम उघडला. पूर्ण साइड एका दमात घेतली. मध्ये थांबले नाही, काही काढलं नाही.

आज पाटणला गेले होते. मामाला ओट्यावर खुर्चीत बसवलं, स्पीकर स्टुलावर ठेवला. आधी त्याला सगळं सांगितलं, की इटलीतल्या एका पोराने हे गाणं कशासाठी केलं, शनिवारची रात्र, गाड्या, ती मुलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वाचली का पोरं?" मी म्हटलं, काही तरी वाचलीच असतील. तो म्हणाला, "आपली सगळी वाचली." अठरा वर्षं वडाप, घाटात एकही माणूस दगावलं नाही, हे त्याने याआधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तो मान हलवत राहिला आणि मग कोंचिनाबद्दल विचारलं, आईबाप आहेत का त्याचे? मला सांगता आलं नाही.

मग मी साइड सुरुवातीपासून लावली. फक्त गाणं नाही, आठही धुना. चौथ्या धुनेला मामी निवडायचे तांदूळ घेऊन शेजारी येऊन बसली. मामा मधूनमधून वळणांची नावं घेत होता, ती मलाही माहीत नव्हती, त्याची त्यानेच ठेवलेली असणार: फणसाचं वळण, पंक्चरचं वळण, आईचं वळण. नववं सुरू झालं तसा गप्प झाला. पियानो आला. झोक्याच्या जरा आधीच त्याचा डावा हात खुर्चीवरून उचलला गेला आणि समोर, हवेत, टेप असायचा त्या उंचीवर जाऊन थांबला. पियानो बुडाला, वर आला. हात खाली आला.

खटक झालं. मामी तांदळातून वर बघत होती. मामा म्हणाला, "आली पोफळी. उतरा, च्या घ्या."